सातव्या वर्षानंतर

९ नोव्हेंबर
लाँड्रीच्या मागची खोली

आत्या,

हे पत्र मी उन्हाळ्यापासून लिहायचं म्हणतेय. एकदा तर 'आत्या' एवढं लिहून झालंही होतं, पण तेवढ्यात छपरावर कबुतरांची मारामारी जुंपली. ती बघायला वर गेले, तिथे पत्र्याचा खिळा निघालेला दिसला, तो ठोकायला हातोडी मागायला गेले, आणि हातोडीवाल्याने मला दोन आठवडे कामालाच ठेवून घेतलं. तू म्हणशील, यात नवल ते काय, उगीच का हिला भिंगरी म्हणते मी. पण खरं सांगायचं तर कबुतरांचं निमित्त होतं. लिहायला बसलं की धांदलबद्दल लिहावं लागणार, म्हणून मी टाळत होते.

धांदल बरी आहे.

खाते, भुंकते, जेवायची वेळ टळली तर रिकामं ताट तोंडात धरून आणून पायावर आपटते. बाळपणीची खोड. आठवतं ना, डोळे उघडायच्या आधीपासून ही बाकीच्यांच्या डोक्यावर पाय देऊन दुधाकडे धावायची म्हणून तू हिला धांदल म्हणालीस, आणि हिचा भाऊ कुणी ढकलेपर्यंत जागचा हलायचा नाही म्हणून तो ठोंब्या.

मी सध्या एका लाँड्रीत आहे. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी येतात. धुऊन झाल्या की मोठ्या गरम रुळातून सपाट होऊन बाहेर पडतात आणि मग दोघींनी समोरासमोर उभं राहून त्यांच्या घड्या घालायच्या. माझ्या समोर मालकीण असते. जवळ यायचं, टोकं जुळवायची, लांब जायचं, पुन्हा जवळ यायचं. दिवसभर एका माणसाच्या इतकं जवळ जाते मी, पण बोलणं होतं ते एवढंच, 'ओढ जरा' आणि 'सोड'. मशीनच्या आवाजात ऐकूही येत नाही म्हणा. रविवारी मशीन बंद असतं, तेव्हा मी धांदलशी मोठ्याने बोलते.

खोलीच्या भिंतीतून वाफेचा नळ जातो, त्याच्याखाली तिची जागा. मालकीण म्हणते, 'खोली त्या कुत्रीची आहे, तू पाहुणी.'

तिला मी मोजे घातलेत. मागच्या दोन पायांना. हसू नकोस. इथली फरशी गुळगुळीत आहे आणि तिची नखं थोडी झिजलीत. बाकी काही नाही.

ठोंब्या कसा आहे? की त्यालाही देऊन टाकलास? नियमाप्रमाणे केव्हाच जायला हवा होता.

उत्तर दिलंस तर पत्ता पाकिटावर आहे. नाही दिलंस तरी पाकिटावरच आहे.

भिंगरी


२३ नोव्हेंबर

आत्या,

'बाकी काही नाही' असं लिहिलं होतं, ते खोडून वाच.

तिची नखं झिजली नाहीत, घासून गेलीत. मधली दोन तर मुळापर्यंत. चालताना मागचा पंजा उलटा पडतो, वरची बाजू जमिनीला लागते आणि तिला ते कळतच नाही. खर्र... खर्र... असा आवाज येतो, कुणी लांबून खुर्ची ओढत आणावी तसा. उठताना मागचा भाग एका बाजूला कलंडतो. मग ती वळून स्वतःच्याच पायांकडे बघते, हे कुणाचे म्हणून. आता मी फाटक्या चादरीचा पट्टा तिच्या पोटाखालून घालते, दोन्ही टोकं वर धरते, आणि आम्ही दोघी सहा पायांनी फिरायला जातो. चार पाय चालतात. लांब जायचं असलं की चादरींच्या ढकलगाडीत बसवते. रस्त्यातले लोक थांबून बघतात. एक बाई म्हणाली, 'अरेरे, गाडीने उडवलं का हो?' मी म्हटलं, नाही. पडली-बिडली नाही कुठे. तुलाही तेच सांगते.

पहिला डॉक्टर म्हणाला, खुबा झिजलाय, आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी काही झालं नाही. मग मालकिणीने दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांच्या दवाखान्याच्या चादरी आपल्याकडे येतात, सगळ्यांत जास्त केस त्यांच्याच चादरींवर.

डॉक्टरीणबाईंनी धांदलला उभं केलं आणि मागचा एक पंजा उलटा करून जमिनीवर ठेवला. आणि नुसत्या थांबल्या. धांदलही थांबली. पंजा तसाच. नीट कुत्रं तो लगेच सरळ करतं म्हणे. मग त्यांनी पाठीच्या मणक्यावरून शेपटीपर्यंत दाबत बोटं फिरवली. मी डोळे मिटून घेतले, पण धांदल काही कण्हली नाही.

'दुखत नाहीये तिला,' बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, 'मग चांगलंच आहे की.'

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. विचारलं, 'हिचे आईबाप म्हातारपणी कसे चालत होते?'

'माहीत नाही.'

'आजी? मावश्या? कुणीतरी पाहिलं असेल?'

आत्या, त्या टेबलाशी उभी राहून मला पहिल्यांदा कळलं, की आपल्या घरी मी जन्मभर कुत्र्यांत वाढले आणि म्हातारं कुत्रं एकही पाहिलं नाही. कुत्र्याला सातवं लागलं की तू त्याला अंघोळ घालायचीस, पारखून ठेवलेल्या घरी मला बरोबर घेऊन सोडायला जायचीस, आणि येताना रस्ताभर एक शब्द बोलायची नाहीस. 'काम झालं, आता आराम करू दे त्यांना.' लोकांना हेच सांगायचीस. मला मात्र एकदा, एका पिल्लाच्या कानात औषध घालताना, म्हणालीस, 'म्हातारपण बघवत नाही गं मला.' धांदलची पाळी आली तेव्हा आदल्या दिवशी मी तिला घेऊन निघाले. तू दारात होतीस. साखळी काढून माझ्या हातात दिलीस, अडवलं नाहीस. 'नेतेस खरी, पण तिचं म्हातारपण तुला झेपायचं नाही.' एवढंच. दोन वर्षं हे वाक्य माझ्याबरोबर फिरतंय, पट्टा न लावता.

गालाच्या आतून कापसाच्या काडीने काहीतरी पुसून घेतलंय. पाठीचे फोटोही काढले. आता वाट बघायची.

भिंगरी


१५ डिसेंबर

आत्या,

पडली होती.

वसंतात मी सामानाच्या ट्रकवर काम करत होते, गावोगाव. ती मागे पोत्यांवर बसायची, कान वाऱ्यावर. एकदा थांबायच्या आत तिने उडी मारली, पाय घसरला, मागच्या भागावर आपटली. लगेच उठून पळालीसुद्धा. पण त्यानंतर दोन महिन्यांत खर्र खर्र सुरू झालं, आणि तेव्हापासून मी रोज ती उडी बघतेय. तुझ्या तोंडून ऐकूही येत होतं मला. 'भटकवून भटकवून मोडलीस ना तिला?' म्हणून लिहीत नव्हते.

आता ऐक. काल निकाल आला. डॉक्टरीणबाईंनी बसवून समजावलं. मी शाळा अर्धी सोडलेली, हे त्यांना कसं कळलं देव जाणे, पण त्या माझ्याशी हळूहळू बोलत होत्या, जसं लोक परक्या मुलखातल्या माणसाशी बोलतात.

अंगातल्या प्रत्येक पेशीत, म्हणाल्या, अंगाला लागणाऱ्या गोष्टी कशा बनवायच्या ते लिहिलेलं असतं. त्याच्या दोन प्रती असतात. एक आईकडून, एक बापाकडून. पेशीतला विषारी कचरा साफ करणारं एक प्रथिन असतं, त्याच्या कृतीत धांदलच्या दोन्ही प्रतींमध्ये एकच बारीकशी चूक आहे. प्रथिन बनतं, पण त्याची घडी नीट बसत नाही.

'घडी?' मी म्हटलं. घडीबद्दल मला कुणी शिकवायला नको आता.

'हो. प्रथिन म्हणजे लांबलचक दोरा. ठरल्याप्रमाणे दुमडला तर काम करतो. वाकडा दुमडला की एकमेकांना चिकटतो, गोळे होतात.'

मी म्हटलं, 'एक चादर वाकडी घातली की वरचा सगळा ढीग कलतो. तसं?'

'तसंच. पण तुमचा ढीग संध्याकाळी पडतो, हा पडायला आठ-नऊ वर्षं घेतो.'

पाठीच्या कण्याच्या आत जो मज्जारज्जू असतो, त्यातले लांब तंतू मरत जातात. आधी तंतूवरचं आवरण झिजतं, मग तंतू. बहुतेक वेळा सुरुवात पाठीच्या मध्यावर होते, म्हणून मागचे पाय आधी जातात. डोकं सांगतं पाय उचल, आणि निरोप वाटेतच हरवतो. पुढे पुढचे पायही. औषध नाही. चालवत राहायचं, पाण्यात पोहवायचं, मोजे घालायचे. मरेपर्यंत शंभर टक्के खात्री देता येत नाही, म्हणाल्या, पण फोटोत दुसरं काही सापडलं नाही, तपासणी अशी आली, आणि दुखत नाही, तेव्हा हेच. दोन्ही प्रती वाईट असूनही काही कुत्री शेवटपर्यंत धावतात. ती का वाचतात ते अजून शोधतायत.

शेवटी मी विचारलं, 'ट्रकवरून पडली होती. त्यामुळे...?'

'पडली नसती तरी हे होणारच होतं बहुतेक. हे तिच्याबरोबर जन्माला आलंय.'

ढकलगाडी ढकलत परत येताना मी गाणं म्हणत होते, आत्या. लाज वाटते सांगायला. कुत्रीला बरं न होणारा आजार, आणि मी गाणं म्हणतेय, का तर माझ्यामुळे नाही म्हणून. खोलीवर आल्यावर गाणं थांबलं. माझ्यामुळे नाही, तर मग कुणामुळे? एक प्रत आईकडून, एक बापाकडून. आणि त्या आईबापांची गाठ कुणी घातली?

तुझ्यावर चिडायचा प्रयत्न केला. आज रविवार, दुसरं कामही नव्हतं. जमलं नाही. दोन वर्षांचं कुत्रं पारखायला तुझ्यासारखं कुणी नाही. दौड बघायचीस, कुंपणावरची उडी, अनोळखी माणसाजवळची वागणूक, दात, डोळे. त्यातून जे उतरेल त्याचीच पिल्लं धरायचीस. 'रक्त बोलतं.' पण हे रक्त दुसऱ्या वर्षी गप्प असतं गं. नवव्या वर्षी बोलतं. आणि नवव्या वर्षी ऐकायला तू नसायचीस.

हे टोमणा म्हणून लिहिलेलं नाही. वाचताना तसं वाटलं तर पुन्हा एकदा वाच.

भिंगरी


५ जानेवारी

आत्या,

तुझं उत्तर नाही. पोस्टमन आता मला लांबूनच मान हलवून दाखवतो, म्हणजे त्याचा फेरा वाचतो.

हे पत्र नीट वाच, यात काम आहे.

लाँड्रीची गाडी आठवड्यातून एकदा तुझ्याकडच्या बाजूला जाते. ड्रायव्हरला पटवून धांदलला मागे चादरींवर बसवलं आणि मला आठवत होती त्या दोन घरी गेले. पहिलं शाळेच्या शिपाईणबाईंचं. धांदलची आई त्यांच्याकडे दिली होतीस. मी कोण ते सांगेपर्यंत मला ओळखलं नाही, पण धांदलचे मोजे बघितले आणि दारातच तोंडावर हात ठेवला.

'हिचंही?'

'कसं कळलं तुम्हाला?'

'हिच्या आईला मी असेच घालायचे. माझ्या लेकीचे जुने.' मग आवाज खाली करून म्हणाल्या, 'वर्गांतली फरशी पुसली होती मी. ओली होती. त्यावरून ती घसरली. त्यानंतरच सगळं. तुझ्या आत्याला सांगू नकोस हं. केवढ्या विश्वासाने दिली होती.'

मी त्यांना सगळं सांगितलं. प्रती, घडी, तंतू. कितपत कळलं कुणास ठाऊक, पण मी गप्प झाले की त्या म्हणायच्या, 'परत सांग ते. फरशीचं नाही, ते.' मी परत सांगितलं.

दुसरे घड्याळवाले काका. धांदलचा बाप त्यांच्या दुकानात शेवटची वर्षं होता. काउंटरखाली अजून त्याची गादी आहे.

'मी त्याला फिरवलंच नाही,' काका म्हणाले. 'दिवसभर इथे माझ्या पायाशी बसवून ठेवला. बसून बसून पाय आखडले त्याचे. शेवटी उचलून बाहेर न्यायचो. ते पाप माझं.'

मी त्यांनाही सांगितलं. डोळ्यावरचं भिंग त्यांनी कपाळावर सरकवलं. मग हसले, पण हसणं धड नव्हतं. 'बघ हं, घड्याळ घेऊन येणारं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं, पडलं नव्हतं हो, आपोआप बंद पडलं. सगळी पाडलेलीच असतात. मी एकटाच असा, की आपोआप बंद पडलेलं मी पाडलं म्हणत बसलो.'

म्हणजे एकीने ओल्या फरशीला दोष दिला, एकाने बसवून ठेवण्याला, मी ट्रकला. आपापल्या खोलीत बसून प्रत्येकजण स्वतःलाच कोसत राहिला, आणि तुझ्या धाकाने म्हण, लाजेने म्हण, तुला कुणी कळवलंच नाही. तुझ्यापर्यंत यायची बातमी वाटेतच मेली.

आता काम. काकांनी निघताना गादी झटकली आणि म्हणाले, 'नवीन येतोय आता. तुझ्या आत्याने शब्द दिलाय. ठोंब्या आणि ठिणगीची पिल्लं धरणारेय ती, थंडी संपताना. त्यातलं एक माझं.'

आत्या, ठिणगी धांदलची मुलगी. धांदलच्या दोन्ही प्रती वाईट, म्हणजे ठिणगीकडे एक वाईट आलीच आहे, दुसरी कशी आहे तेवढंच तपासायचं. ठोंब्या धांदलचा सख्खा भाऊ. त्याचं तपासल्याशिवाय सांगता येत नाही, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याच्याही दोन्ही वाईट निघाल्या तर एकही पिल्लू स्वच्छ निघणार नाही, आणि निदान निम्म्यांना दोन्ही बाजूंनी वाईटच मिळेल. तेच डोकं, तेच कान, तीच छाती हवी म्हणून तू घरातल्या घरात जुळवतेस, ते कळतं मला. पण कानाबरोबर हेही जुळत जातं.

वंश बुडवायला कुणी सांगत नाहीये. ठिणगीला बाहेरचा, तपासून स्वच्छ निघालेला नर बघ. मग काही पिल्लांत एक वाईट प्रत जाईल, पण एक वाईट असली तर सहसा काही होत नाही, दोन लागतात. पुढच्या पिढीत पुन्हा तपासायचं. एवढंच. तू म्हणशील, बाहेरचं रक्त आपल्या अंगणात? हो. मलाही तू बाहेरूनच आणलंस, बाबा दारात ठेवून गेले तेव्हा. मी काही फार वाईट निघाले नाही. बरं, निघाले असेन.

पाकिटात दोन काड्या आहेत. एक ठोंब्याची, एक ठिणगीची. खाण्याआधी गालाच्या आतून फिरवायची, वाळू द्यायची आणि परत पाठवायची. पत्र नाही लिहिलंस तरी चालेल. नुसत्या काड्या पाठव. काका गादीला नवी खोळ शिवतायत.

भिंगरी


२ फेब्रुवारी, रविवार

आत्या,

काड्या आल्या नाहीत. थंडी संपत आलीय. तू ठिणगीला ठोंब्याजवळ सोडलंही असशील.

मी वाट बघायची सोडून दिलीय असं लिहिणार होते, पण खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. काल गाडीचा आवाज आला तर हातातली चादर सोडून धावले. समोरचं टोक धरून मालकीण तशीच उभी. 'ओढ' नाही की 'सोड' नाही. परत आले तर म्हणाली, 'कोण आहे गं तुझं तिकडे?' मी म्हटलं, 'आत्या.' तिने टोक जुळवलं. 'मग एवढं काय, जाऊन ये.' मी म्हटलं, 'धांदलला इतकं लांब आता नेववत नाही.' हे खरं आहे, आणि नाहीही. मला भीती वाटते, आत्या. अंगणात नवी पिल्लं दिसतील, एक काउंटरखालच्या गादीवर जायचं ठरलेलं, आणि तू म्हणशील, बघ कशी तेजदार आहेत. आणि असतीलच ती तेजदार. नऊ वर्षं.

धांदलचा पुढचा उजवा पायही कालपासून थरथरतो. मोजे मी आता चारी पायांना घालते. खाणं तेच, ताट आपटणं तेच. शेपटी हलत नाही, पण मी आले की कान हलवते. हे बघणं तुझ्याच्याने का होत नव्हतं ते कळलं मला. माझ्याच्यानेही होत नाही. पण बघायला बसलं की ते होत राहतं, एवढं मात्र खरं. तुझं ते वाक्य अर्धं बरोबर होतं. झेपत नाही, पण

बोळातून आवाज येतोय.

खर्र... खर्र...

धांदल उठली कशी म्हणून खाली बघितलं. धांदल इथेच आहे, माझ्या पायाशी, चारी मोजे घालून. कान ताठ.

थांब, बघून येते.

आत्या, हे पुढचं मी तुझ्यासमोर बसून लिहितेय आणि तू वाफेच्या नळाखाली हात धरून शेकतेयस. कुत्र्यांना एका रात्रीपुरतंही न सोडणारी तू, बोळात उभी होतीस, आणि तुझी शाल ठोंब्याच्या पोटाखालून घालून टोकं दोन्ही हातांत धरली होतीस. मला कुणी शिकवलं नव्हतं, तुलाही नाही. दोघींनी एकच शोध लावला.

'पहिल्या पत्राच्या वेळीच आवाज यायला लागला होता त्याचा,' तू म्हणालीस. 'वाटलं, काटा मोडलाय.' मग माझ्याकडे न बघता, 'ठिणगीला याच्यापासून लांब बांधलीय. शेजारणीला बसवून आलेय.'

कोटाच्या खिशातून दोन्ही काड्या काढल्यास, त्यांची वेष्टणं न फोडलेली. 'तिची घेऊन टाकली असती गं. याचं तोंड उघडायला गेले की काडी तशीच परत खिशात टाकते. तू घे.'

मी उठायला लागले तर विचारलंस, 'काय खरडत होतीस?'

'तुलाच.'

'मग पुरं कर आधी. अर्धवट टाकायची खोड गेली नाही अजून.'

म्हणून पुरं करतेय. ठोंब्या उंबऱ्यात अडकलाय. कुणी ढकलेपर्यंत हलायचा नाही, हे तुला, मला आणि धांदलला माहीत आहे. ती निघालीय, पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत, थेट त्याच्याकडे. त्यातला एक थरथरतो, तिच्याच्याने एकटीने ढकलणं व्हायचं नाही.

मी उठते. बाकीचं तोंडी.

भिंगरी